बोलण्याच्या आधी: लहान मुलांतील स्वमग्नतेची पहिली लक्षणे

२ एप्रिल हा दिवस जगभर स्वमग्नतेविषयी, म्हणजे ऑटिझमविषयी, जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने या सदरात लहान मुलांच्या विकासाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचे पहिले वाक्य ‘मूल बोलत नाही’ हेच होते. त्यांतली सहा पत्रे येथे घेतली आहेत; पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पत्रावरून कोणत्याही मुलाचे निदान करता येत नाही, आणि करूही नये, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

प्रश्न: माझा मुलगा १९ महिन्यांचा आहे. पंधराव्या महिन्यापर्यंत तो ‘मम्मा’, ‘काऊ’, ‘बाय’ असे चार-पाच शब्द बोलत होता. आता त्यांतला एकही बोलत नाही. हाक मारली तर वळून पाहत नाही, पण कुकरची शिट्टी झाली किंवा टीव्हीवर त्याची आवडती जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत येतो. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही तिसऱ्या वर्षी बोलायला लागले, मुलगे उशिराच बोलतात. वेखंड चाटवून झाले, पोपटाचा उष्टा पेरूही देऊन झाला. थांबावे का?
— एक आई, नाशिक

उत्तर: थांबू नये. आपल्या पत्रातल्या दोन गोष्टींपैकी एकच असती, तरी मी हेच उत्तर दिले असते.

पहिली गोष्ट आलेले शब्द जाण्याची. मूल उशिरा बोलणे आणि बोलू लागलेले मूल गप्प होणे यांत मोठे अंतर आहे. बाबा तिसऱ्या वर्षी बोलले असतील. परंतु पंधराव्या महिन्यात बोलून नंतर ते गप्प झाले होते का, हे सासूबाईंना एकदा जरूर विचारा. स्वमग्न मुलांपैकी साधारणपणे दर तीन-चार मुलांमागे एकाच्या बाबतीत असे घडते, की दीड-दोन वर्षांच्या सुमारास आलेले शब्द, टाटा करणे, हसून पाहणे हळूहळू मावळत जाते. कोणत्याही वयात आलेली भाषा किंवा आलेले हावभाव गेले, तर पुढच्या लसीची तारीख येईपर्यंतही न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

दुसरी गोष्ट हाकेची. साधारण नवव्या महिन्यापासून बाळ स्वतःच्या नावाला प्रतिसाद देऊ लागते आणि वर्षाचे होईपर्यंत तो प्रतिसाद पक्का होतो. शिट्टी ऐकू येते म्हणजे कान ठीक आहेत, असे आपण घरी गृहीत धरतो. मात्र काही मुलांना ठरावीक पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि माणसाच्या बोलण्यातले बारकावे येत नाहीत. त्यामुळे सर्वांत आधी कानांची रीतसर तपासणी व्हावी. बाळाला झोपवून करायची बेरा ही चाचणी मोठ्या रुग्णालयांत होते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही होते. श्रवण उत्तम निघाले, तर मात्र माणसाच्या हाकेपेक्षा शिट्टीला अधिक प्रतिसाद मिळतो ही गोष्ट स्वतःच फार बोलकी ठरते.

आता मूळ मुद्दा. बोलणे ही मुलाच्या संवादातली बरीच उशिरा येणारी पायरी आहे. तिच्या आधी कितीतरी गोष्टी घडतात आणि घरातल्या घरात रोज घडतात, म्हणूनच त्या न घडल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. मूल करते ती गोष्ट चटकन दिसते, न करते ती दिसत नाही. नऊ-दहा महिन्यांचे बाळ ‘बुवा कुक’ खेळताना पदर बाजूला होण्याआधीच हसू लागते. ‘अडगुलं मडगुलं’ म्हणताना पुढची ओळ यायच्या आधी आपल्या तोंडाकडे पाहते. ‘टाळी दे’ म्हटले की हात पुढे करते. उचलून घ्यावे म्हणून दोन्ही हात वर करते. वर्षाच्या आतबाहेर आणखी एक गोष्ट सुरू होते, आणि माझ्या मते आईवडिलांनी डोळ्यांत तेल घालून पाहावी अशी हीच आहे: मूल बोट दाखवू लागते.

बोट दाखवण्याचे दोन प्रकार असतात. फळीवरचा बिस्किटाचा डबा हवा म्हणून दाखवलेले बोट हे मागण्याचे बोट. खिडकीवर कावळा बसला, तर ‘काऊ’ म्हणून दाखवलेले बोट वेगळे; मुलाला कावळा नको असतो, तो आपणही पाहावा एवढेच हवे असते. म्हणून बोट करून झाल्यावर मूल मागे वळते आणि आईने पाहिले की नाही याची खात्री करून घेते. कावळा, आई, पुन्हा कावळा असा नजरेचा हा त्रिकोण दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलांत सहज दिसतो. स्वमग्नतेची शक्यता असलेल्या मुलांत मागण्याचे बोट कधी असते, कधी त्याऐवजी मूल मोठ्यांचे मनगट धरून त्यांचा हात डब्यापर्यंत नेते. परंतु दाखवण्याचे बोट आणि त्यामागचे ते वळून पाहणे बहुधा नसते किंवा फार कमी असते.

आपल्याकडे पहिल्या वाढदिवसाचे किंवा बोरन्हाणाचे चित्रीकरण असेल, तर ते शांतपणे पुन्हा पाहा. हलव्याचे दागिने घातलेले बाळ, भोवती बोरे-चुरमुरे वेचणारी मुले, चारी बाजूंनी नावाने मारल्या जाणाऱ्या हाका. बाळ कोणाकडे पाहते? हाती आलेले बोर कोणाला दाखवते का? हा माझा मनचा खेळ नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील दोन संशोधकांनी, ज्यांना पुढे स्वमग्नतेचे निदान झाले अशा ११ मुलांच्या आणि इतर ११ मुलांच्या पहिल्या वाढदिवसांची घरगुती चित्रीकरणे पाहिली. चेहऱ्याकडे पाहणे, वस्तू दाखवणे, बोट करणे आणि हाकेला वळणे या चारच गोष्टींनी बहुतेक मुले बरोबर ओळखता आली. निदान त्या काळी फार उशिरा होत असे. चिन्हे मात्र केकसमोर बसलेल्या बाळात उघड दिसत होती.

वयाचे काही टप्पे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. वर्षाच्या बाळाने ‘बाबाबा, दादादा’ असे आवाज काढलेले नसतील किंवा टाटा, टाळी, बोट यांपैकी काहीच केलेले नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आलेला नसेल. दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे स्वतःच्या मनाचे दोन शब्द जोडले नसतील. तर त्यामागचे कारण शोधलेच पाहिजे. ते कारण स्वमग्नताच असेल असे नाही. पण ते काहीही असले, तरी वाट पाहून ते आपोआप कळत नाही.

वेखंड मात्र पुन्हा देऊ नका. लहान मुलांना त्याने उलट्यांचा त्रास होऊ शकतो. पेरूबद्दल माझी तक्रार एवढीच, की पोपटाची वाट पाहण्यात महिने जातात.

प्रश्न: माझा नातू दोन वर्षे आठ महिन्यांचा आहे आणि विलक्षण हुशार आहे. इंग्रजी मुळाक्षरे, शंभरपर्यंत आकडे, मोटारींच्या खुणा, सारे तोंडपाठ. पण ‘जेवलास का?’ विचारले तर तोही ‘जेवलास का?’ असेच म्हणतो. तहान लागली की ‘तुला पाणी हवंय?’ म्हणतो. दारातल्या चपला तो एका ओळीत लावतो आणि कोणी एक हलवली तर आकांत करतो. सून त्याला डॉक्टरांकडे न्यायचे म्हणते. एवढ्या हुशार मुलाला कशासाठी न्यायचे, हे मला उमगत नाही. तो माझ्या गळ्यातही पडतो, मायाळू आहे.
— एक आजोबा, सातारा

उत्तर: आजोबा, आपल्या नातवाची हुशारी खरी आहे आणि त्याची मायाही खरी आहे. त्या दोन्ही गोष्टी असूनही सूनबाईंचे म्हणणे योग्य आहे.

स्वमग्न मूल म्हणजे कोपऱ्यात बसलेले, कोणाला जवळ येऊ न देणारे मूल, असे एक चित्र आपल्या मनात असते, आणि मराठीतला ‘स्वमग्न’ हा शब्दही त्याला थोडा हातभार लावतो. प्रत्यक्षात अशी कितीतरी मुले गळ्यात पडतात, गुदगुल्या केल्या की खळखळून हसतात, आईला चिकटून झोपतात. अधूनमधून नजरेला नजरही देतात. म्हणून ‘तो माझ्याकडे पाहतो की’ एवढ्यावर शंका मिटत नाही.

पाठांतर आणि संवाद यांत फरक करावा लागेल. शंभरपर्यंत आकडे म्हणणारे मूल स्वतःच्या गरजेसाठी किती शब्द वापरते? ‘आजोबा, इकडे या’, ‘हे काय आहे?’, ‘मला नको’ अशी वाक्ये दिवसात किती वेळा येतात? प्रश्नाला प्रश्नच परत येणे याला पडसाद-भाषा म्हणता येईल. बोलायला शिकताना सगळीच मुले काही काळ असे करतात, पण अडीच वर्षांच्या आसपास ते ओसरू लागते. ‘तुला पाणी हवंय?’ हे तो विचारत नाही, मागतो आहे. पाणी मिळायच्या आधी हे वाक्य कानावर पडते एवढे त्याने पकडले आहे; त्यातला ‘तू’ कोण आणि ‘मी’ कोण ही अदलाबदल त्याला उलगडलेली नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णने लिहून ही अवस्था मांडली, तेव्हा नेमकी ही सर्वनामांची उलटापालट त्यांनी नोंदवली होती.

येथे मराठी घरांपुरती एक सूचना करते, कारण यावरून घाबरलेले पालक माझ्याकडे येतात. ‘सोनूला भूक लागली’ असे स्वतःचे नाव घेऊन बोलणे लहान मुलांत नेहमीचे आहे. दिवसभर आई आणि आजीजवळ असलेला मुलगा ‘मी येते, मी खाते’ म्हणतो, हेही अगदी स्वाभाविक आहे. ही दोन्ही लक्षणे नव्हेत.

चपलांची ओळ, गाडीची चाके फिरवत बसणे, पंख्याकडे टक लावणे, चवड्यांवर चालणे, आनंदात हात फडफडवणे. यातली एखादी गोष्ट सुटी सापडली तर तिला फार महत्त्व देऊ नये, कारण ती निरोगी मुलांतही दिसते. मात्र खेळ एवढ्यापुरताच उरला असेल, रिकाम्या कपातून खोटा चहा पिणे, बाहुलीला भरवणे, ठोकळ्याचा फोन करणे असे लटके खेळ दोन वर्षांनंतरही दिसत नसतील आणि क्रम मोडला की मूल तासभर सावरत नसेल, तर तपासणीला वजन येते. कपड्यामागचे लेबल न सोसणे, मिक्सरच्या आवाजाने कान झाकणे, फक्त पांढरा भात आणि एकाच कंपनीचे बिस्कीट खाणे, याही गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरात त्यांना ‘हट्ट’ म्हटले जाते आणि त्या तेथेच राहतात.

सूनबाईंबरोबर आपणही जावे. आजोबांनी सांगितलेले बारकावे आम्हाला फार उपयोगी पडतात.

प्रश्न: माझ्या मुलीला नुकतेच स्वमग्नतेचे निदान झाले. गोवराची लस दिल्यानंतर महिन्याभरात ती बदलली, असे मला वाटते. नातेवाईक म्हणतात, मी नोकरी करत होते, मुलीला मोबाईल देऊन बसवत होते, म्हणून हे झाले. मोबाईल बंद केला तर ती बरी होईल का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर: लसीचा संबंध नाही. आपल्या लसीकरण वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली लस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत दिली जाते. स्वमग्नतेतील बदल डोळ्यांत भरू लागतात तेही नेमके याच वयात. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या की मन त्यांना जोडते. लसीवर आळ घेणारा लेख १९९८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला होता. तो केवळ १२ मुलांवर आधारलेला होता, २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी त्याच्या मुख्य लेखकाचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा मागोवा घेतलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणात फरक आढळला नाही. गोवर मात्र आजही मुलांचे जीव घेतो.

आईच्या नोकरीचाही संबंध नाही. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्याला पाश्चात्त्य देशांत मोठमोठ्या डॉक्टरांनी उचलून धरली आणि एका पिढीच्या आयांना अपराधी ठरवले. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. त्यात एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही स्वमग्नता असण्याचे प्रमाण बरेच अधिक निघाले आणि आनुवंशिकतेचा वाटा पुढे आला. नंतरच्या अनेक अभ्यासांनी तो बळकटच केला. जी कल्पना तेथे कधीच टाकून देण्यात आली, ती आपल्याकडे हळदीकुंकवाच्या घोळक्यात अजून ऐकू येते, याचा मला राग येतो.

मोबाईलविषयी मात्र थोडे सावध उत्तर द्यावे लागेल. अलीकडे ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असा शब्द व्हॉट्सअॅपवरून घरोघर पोहोचला आहे. वैद्यकातील मान्य निदानांत तो नाही. दिवसाचे अनेक तास पडद्यापुढे गेलेल्या मुलाचे बोलणे मागे पडू शकते, कारण तेवढे तास त्याच्याशी कोणी बोललेले नसते. अशा मुलाचा पडदा बंद करून त्याच्याशी खेळू लागले की ते सुधारताना दिसते. परंतु मोबाईलमुळे स्वमग्नता निर्माण झाल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि उलटेही घडते: जे मूल माणसांत फारसे रमत नाही ते पडद्यात अधिक रमते आणि दमलेल्या घराला तोच एक उपाय सापडतो. मोबाईल जरूर बंद करा. तो बंद करून तीन महिने पाहू, मग थेरपीचे बघू, असे मात्र करू नका; दोन्ही एकाच दिवशी सुरू होऊ शकतात.

प्रश्न: मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे तीन वर्षांचा एक मुलगा आहे. तो मुलांत मिसळत नाही, गाण्याच्या वेळी भिंतीकडे तोंड करून डोलतो, खिचडीचे ताट तेवढे ओढून घेतो. आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘ताई, माझ्या पोराला वेडा ठरवू नका.’ मी काय करावे?
— अंगणवाडी सेविका, पालघर जिल्हा

उत्तर: ताई, आपण जे पाहिले ते नेमके पाहिले आहे. देशातील पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होता, झालेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन ते सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९ टक्के मुलांत ऐकण्याच्या दोषापासून स्वमग्नतेपर्यंत विकासाची कोणती ना कोणती अडचण आढळली. म्हणजे प्रत्येक अंगणवाडीत असे एखाद-दुसरे मूल असणारच.

आईला नाव सांगू नका. ‘ऑटिझम’ हा शब्द आपल्या तोंडून जायला नको, तो आपला अधिकारही नाही आणि जबाबदारीही नाही. जे पाहिले तेवढेच सांगा, आणि आधी त्याला जमते ते सांगा: ‘ताट ओळखतो, स्वतःच्या हाताने नीट जेवतो. हाक मारली की वळत नाही, म्हणून मला त्याच्या कानांची काळजी वाटते.’ कान तपासायला आई सहसा नकार देत नाही, आणि वैद्यकीयदृष्ट्याही तीच पहिली पायरी आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर वयानुसार विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. ते तिच्यासमोर उघडून दोघींनी मिळून पाहिलेत, तर सांगणारे कार्ड होते, तुम्ही नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी हा मुलगा हजर राहील आणि पथकाच्या कागदावर त्याची नोंद होईल एवढे पाहा. तेथून जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते, आणि ती तपासणी विनामूल्य असते. पथक नुकतेच येऊन गेले असेल, तर सहा महिने न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्यावी. आणि तोवर त्याला भिंतीकडून ओढून मुलांच्या मध्ये बसवू नका. तो डोलतो आहे तेथेच जाऊन त्याच्या शेजारी, त्याच्याच लयीत, तेच गाणे म्हणा.

प्रश्न: आम्ही बेंगळुरूत राहतो. मोठ्या मुलाला स्वमग्नता आहे. धाकटी मुलगी पाच महिन्यांची आहे. तिलाही होईल का? तिच्या डोळ्यांकडे मी सारखी पाहत राहते. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि इंग्रजी. मुलाशी फक्त इंग्रजीत बोला असे आम्हाला सुचवण्यात आले आहे.
— एक आई

उत्तर: मोठ्या भावंडाला स्वमग्नता असेल तर धाकट्याला ती असण्याचे प्रमाण साधारण पाचात एक आढळते, आणि मुलींत ते मुलग्यांपेक्षा कमी असते. म्हणजे पाचांतल्या चारांना नसते, हेही त्याच आकड्यात आहे. दोन ते सहा महिन्यांच्या बाळांची नजर यंत्राने मोजून काही फरक सापडल्याचे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले खरे, पण तो फरक साध्या डोळ्यांना दिसणारा नाही. आपण रोज तिचे डोळे तपासल्याने आपली झोप जाईल, माहिती मिळणार नाही. तिच्याशी खेळा. नऊ, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांना विकासाची तपासणी ठरवून करून घ्या. मुलींच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी: शांत, गुणी, कोणाला त्रास न देणारी म्हणून त्यांची लक्षणे कौतुकाखाली झाकली जातात.

दोन-तीन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता होत नाही आणि वाढतही नाही. ज्या भाषेत आपल्याला लाड करता येतात, रागावता येते, गाणी म्हणता येतात, ती भाषा मुलाला हवी. आजी-आजोबांशी त्याचे नाते मराठीतच जुळणार असेल, तर ते तोडण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न: आमचा मुलगा २२ महिन्यांचा आहे. बालरोगतज्ज्ञांनी वीस प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतला, त्यात नऊ गुण आले. विकासतज्ज्ञांची वेळ तीन महिन्यांनंतरची मिळाली आहे. दरम्यान एका ठिकाणी मेंदूचे स्कॅन करून स्टेम सेल उपचार घ्या असे सांगितले. रक्त तपासून खात्री होत नाही का? आणि हे तीन महिने नुसते बसून राहायचे का?
— एक वडील, लातूर

उत्तर: आपण ज्याचे वर्णन करता तो तक्ता १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरला जातो. त्यात दोनपर्यंत गुण म्हणजे धोका कमी, तीन ते सात म्हणजे आणखी विचारपूस करावी, आणि आठ किंवा अधिक म्हणजे थेट तज्ज्ञांकडे पाठवावे. आपल्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. मात्र ही चाळणी आहे, निदान नव्हे. अमेरिकेत मोठ्या संख्येने मुलांची चाचणी घेतली असता, विचारपुशीनंतरही या चाळणीत अडकलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना स्वमग्नता निघाली. परंतु जवळजवळ सगळ्यांनाच, म्हणजे शंभरातील सुमारे ९५ मुलांना, विकासाची काही ना काही मदत लागणार होती. तेव्हा तज्ज्ञांकडे जाणे वाया जाणार नाही.

स्वमग्नता सांगणारी रक्ताची चाचणी नाही, स्कॅनमध्येही ती दिसत नाही. फिट येत असतील किंवा तपासणीत वेगळे काही आढळले असेल, तर डॉक्टर त्या चाचण्या सांगतील. निदान होते ते मुलाला खेळताना पाहून आणि आईवडिलांशी सविस्तर बोलून. अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या सुमारास ते पुरेशा खात्रीने करू शकतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. ते काम नंतरचे आहे, आज त्याने धास्तावू नका. स्टेम सेल उपचाराचे पैसे मात्र देऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज असे उपचार केवळ मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीतच देता येतात, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. शेत विकून हे इंजेक्शन घेतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

तीन महिने बसून राहायचे नाही. कान तपासून घ्या. हाक मारणे, जेवण, खेळ यांची दोन-दोन मिनिटांची चित्रीकरणे मोबाईलवर करून ठेवा, कारण दवाखान्यातल्या अर्ध्या तासात मूल घरचे काही दाखवेलच असे नाही. निदानाच्या नावाची वाट न पाहता वाचा-उपचार, म्हणजे स्पीच थेरपी, सुरू करता येतात. आणि घरातले काम तर आजच सुरू होते. गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न मुलांच्या आईवडिलांबरोबर झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यकर्मी पंधरवड्याला एकदा घरी जात, आईवडील मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण करत आणि तेच त्यांना दाखवून चर्चा करत. अशा बारा भेटींनंतर आईवडील मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुलेही आपणहून अधिक संवाद साधू लागली.

त्या कामाचा गाभा घरी सहज आणता येतो. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. ‘हे काय? ते काय?’ असे प्रश्न काही दिवस बंद करा. त्याच्या हातात गाडी असेल तर आपणही एक गाडी घ्या आणि ‘गाडी’ एवढेच म्हणा. बिस्किटाचा डबा दिसेल पण हाती येणार नाही अशा जागी ठेवा, म्हणजे मागायला कारण मिळेल, आणि त्याने नुसते आपल्याकडे पाहिले तरी ते मागणे समजून लगेच द्या. अंघोळीच्या वेळी ‘एक, दोन, तीन’ म्हणून तांब्या ओता. चार-सहा दिवस असे झाले की एकदा ‘एक, दोन’ म्हणून तांब्या हातातच धरून थांबा. तो अंग हलवेल, आवाज करेल, कदाचित वर पाहील. पाहिले की ‘तीन’ म्हणा आणि पाणी ओता.